वीजजोडणीविना छोट्या ट्रेलरमध्ये राहायचे तर: आधी हिशेब, मग वायर

छोटा ट्रेलर घेऊन वीज-पाण्याच्या जोडणीपासून लांब किती दिवस राहता येईल, हा प्रश्न बहुतेक जण बॅटरीपासून सोडवायला घेतात. बॅटरी मोठी घ्या, पॅनेल वाढवा, झाले काम. पण मुक्काम हलवायला लावते ती गोष्ट म्हणजे सगळ्यांत आधी संपणारी, किंवा सगळ्यांत आधी भरणारी. दोन माणसांच्या ट्रेलरमध्ये ती बहुधा शौचालयाची टाकी असते, त्याखालोखाल पाणी. विजेचा नंबर त्यानंतर. खाली विजेला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण महागड्या चुका आणि आगी तिथेच होतात. तरी पैसे खर्च करण्याआधी वीज, पाणी, मैला आणि इंधन या चारही गोष्टी किती दिवस पुरतात ते एकाच कागदावर मांडा. तीन दिवसांत टाकी भरणार असेल, तर सहा दिवसांची बॅटरी घेऊन काय करायचे?

उदाहरणासाठी सगळीकडे एकच ट्रेलर धरला आहे: एका ॲक्सलचा, आतून साधारण साडेचार मीटर लांब, दोन माणसे, १२ व्होल्टची व्यवस्था, हवामान उबदार.

बॅटरीतून उष्णता काढायची नाही

आकडेमोडीआधी हा एक निर्णय घेऊन टाका. दिवे, पंखा, पंप, फोन, लॅपटॉप यांना वीज लागते ती थोडी. वीज खाते ते तापवणे. १ लिटर पाणी २० अंशांवरून उकळी येईपर्यंत तापवायला ९३ वॉट-तास लागतात, त्यात कोणत्याही कंपनीची किटली सूट देत नाही. इन्व्हर्टरचे आणि किटलीचे नुकसान धरले की हा आकडा ११० च्या आसपास जातो. १००० वॉटचा हीटर रात्री आठ तास चालवला तर ८००० वॉट-तास, म्हणजे २०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या जवळपास चार लिथियम बॅटऱ्या एका रात्रीत रिकाम्या. छपरावरचा एअर कंडिशनर चालू असताना १००० ते १५०० वॉट घेतो. आपल्या उदाहरणातल्या ट्रेलरचा पूर्ण दिवसाचा खर्च तो तासाभरात उडवतो.

म्हणून स्वयंपाक, गरम पाणी आणि खोलीची ऊब गॅस किंवा डिझेलवर. एअर कंडिशनर फक्त वीजजोडणी असलेल्या जागी. फ्रिजच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो, फक्त तो चटकन लक्षात येत नाही. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा ॲबसॉर्प्शन फ्रिज आतून उष्णतेवरच चालतो. १२ व्होल्टवर तो सलग १०० ते १५० वॉट ओढतो, त्यामुळे गाडी चालू असतानाच त्याला १२ व्होल्टवर ठेवायचे आणि थांबलो की गॅसवर घ्यायचे. शिवाय त्याला ट्रेलर सपाट उभा लागतो. पंखा लावलेले स्वस्त थर्मोइलेक्ट्रिक खोके तर टाळाच. ४५-५० वॉट घेत ते दिवसभर थांबत नाहीत. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्ट फ्रिज महाग पडतो, पण बॅटरीवर राहायचे असेल तर तोच घ्यावा.

खर्चाचा हिशेब

प्रत्येक उपकरणाचे वॉट गुणिले दिवसातले तास. फ्रिजसाठी कॉम्प्रेसर प्रत्यक्ष किती वेळ चालतो ते धरायचे. उबदार हवेत तो ४० टक्के वेळ चालतो असे समजा.

- कॉम्प्रेसर फ्रिज, ५० लिटर: ४५ वॉट × २४ तास × ०.४ = ४३०
- एलईडी दिवे: ३ वॉटचे चार, ५ तास = ६०
- छपराचा पंखा: २० वॉट, १० तास = २००
- पाण्याचा पंप: ६० वॉट, पाव तास = १५
- दोन फोन = ३०
- लॅपटॉप: ५० वॉट, ४ तास = २००
- राउटर: ८ वॉट, १२ तास = १००
- गॅस-गळतीचा डिटेक्टर, २४ तास = ३०

बेरीज १०६५ वॉट-तास. वायर, इन्व्हर्टर, चार्जिंग यांतले नुकसान १५ टक्के धरले की १२२५. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

या यादीत एक चोर नाही, तो मुद्दाम वेगळा सांगतो. २००० वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्याला काहीही जोडले नाही, तरी तो १० ते २५ वॉट खातो. १५ वॉट धरा: दिवसाला ३६० वॉट-तास, म्हणजे फ्रिजच्या खर्चाला टेकलेच. इन्व्हर्टरला हाताशी स्विच हवा आणि काम झाले की तो बंद. लॅपटॉपसाठी १२ व्होल्टवरचा यूएसबी-सी चार्जर बसवला तर बहुतेक दिवस इन्व्हर्टर लागतच नाही.

बॅटरी किती आणि कोणती

दोन दिवस ऊन नसेल तरी चालायला हवे असे धरू: १२२५ × २ = २४५०. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे ८० टक्के वापरायचे ठरवले तर २४५० ÷ ०.८ = ३०६० वॉट-तास. १२.८ व्होल्टने भागले की २४० एएच. बाजारात २०० मिळते. तिचे ८५ टक्के वापरले तर २१८० वॉट-तास मिळतात, म्हणजे पावणेदोन दिवस. तेवढ्यावर भागवा आणि ढगाळ दिवशी लॅपटॉप कमी चालवा.

लेड-ॲसिड घ्यायची तर निम्म्यापेक्षा खाली उतरवायची नाही, म्हणून तेवढ्याच कामाला ४०० एएच लागतील. वजनाचा विचार करा: १०० एएचची लेड-ॲसिड २७ ते ३० किलो, लिथियम ११ ते १३ किलो. छोट्या ट्रेलरमध्ये हा फरक किमतीच्या फरकापेक्षा मोठा ठरतो. लेड-ॲसिडचा आणखी एक त्रास असा, की शेवटचे १५-२० टक्के भरायला तिला कित्येक तास लागतात. ते तास हिवाळ्यातल्या पॅनेलकडे नसतात, त्यामुळे ती कधीच पुरती भरत नाही आणि सल्फेशनने, म्हणजे प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होऊन, लवकर जाते.

लिथियमची दोन पथ्ये. शून्य अंशांखाली तिला चार्ज करायचे नाही. आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. चांगला बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आत तिला जपणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट, अशा वेळी चार्जिंग तोडतो. थंडीत सकाळी पॅनेलवर ऊन असून करंट शून्य दिसला तर तो बिघाड नव्हे. म्हणूनच बॅटरी बाहेरच्या पेटीत न ठेवता आत, बैठकीखाली ठेवावी. दुसरे पथ्य बीएमएसच्या मर्यादेचे. २०० एएच लिहिलेल्या काही बॅटऱ्यांचा बीएमएस जेमतेम १०० अँपिअर सोडतो. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ९५ ते १०० अँपिअर घेतो, म्हणजे फ्रिज आणि पंप त्याच क्षणी चालू झाले की सगळा ट्रेलर अंधारात. लेबलवरचे एएच नंतर, सलग करंटचा आकडा आधी वाचा.

१०० एएचच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडणार असाल तर आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, जोडणाऱ्या वायर एकाच लांबीच्या ठेवा आणि पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसऱ्या बॅटरीवरून बाहेर काढा. दोन्ही एकाच बॅटरीवरून काढले तर ती जास्त राबते आणि आधी म्हातारी होते.

पॅनेल

सपाट बसवलेले पॅनेल छापील वॉटच्या ७० टक्के काम करते असे धरावे. दिवसाला साडेचार तास पुरेपूर ऊन मिळत असेल तर १२२५ ÷ (४.५ × ०.७) = ३८९, म्हणजे ४०० वॉट. हेच ४०० वॉट हिवाळ्यात अडीच तासांच्या उन्हात फक्त ७०० वॉट-तास देतात. उरलेले ५२५ कुठून येणार याचे उत्तर आधीच हवे; ते पुढे येतेच.

सावलीला कमी लेखू नका. पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून करंट वळवणारे) असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली पंख्याच्या झाकणाची सावलीसुद्धा पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पाडते. पॅनेल बसवण्याआधी छपरावर पुठ्ठे ठेवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावली कुठे फिरते ते पाहा. आणखी एक पेच असा, की उन्हाळ्यात ट्रेलर सावलीत हवा आणि पॅनेल उन्हात. १०० ते २०० वॉटचे घडीचे पॅनेल १० मीटर वायरवर वेगळे ठेवले की हा पेच सुटतो. छपरावर ३०० आणि जमिनीवर १०० हा मेळ छपरावरच्या ४०० पेक्षा बऱ्याचदा जास्त देतो.

पॅनेलखाली दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या. सेलचे तापमान २५ अंशांच्या वर जाईल तसे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. ६० अंशांवर हा तोटा १२ ते १४ टक्के होतो. छपराला चिकटवायची लवचिक पॅनेल इथेच मार खातात आणि टिकतही कमी.

पॅनेल आणि बॅटरी यांच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, घ्या. ४०० वॉट भागिले १३ व्होल्ट म्हणजे ३० अँपिअरचा. आत येणाऱ्या व्होल्टेजची त्याची मर्यादा थंडीत तपासायची असते, कारण गारठ्यात पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेले) वाढते. २४ व्होल्ट ओपन सर्किटची दोन पॅनेल सिरीजमध्ये ४८ होतात. उणे १० अंशांवर तीच ५३ च्या आसपास जातात. ७५ किंवा १०० व्होल्टच्या कंट्रोलरला हे चालते, ५० च्या कंट्रोलरला ही पहिली थंडी शेवटची ठरेल. सिरीजमध्ये वायर बारीक चालते, समांतरमध्ये सावलीचा फटका कमी बसतो. छपरावर अडथळे असतील तर समांतर जोडा.

ओढणाऱ्या गाडीतून चार्जिंग

ढगाळ दिवसांचा खरा आधार हाच. मात्र लिथियम बॅटरी गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मात्याला) थेट जोडायची नाही. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा. ३० अँपिअरचा चार्जर तासाला जवळपास ४०० वॉट-तास भरतो, म्हणजे हिवाळ्यातली ती ५२५ ची तूट सव्वा-दीड तासाच्या प्रवासात भरून निघते.

घोडे पेंड खाते ते वायरवर. ट्रेलरच्या दिव्यांच्या प्लगमधली वायर या कामाची नसते. गाडीच्या बॅटरीपासून हुकपर्यंत १६ स्क्वेअर मिमीची स्वतंत्र जोडी ओढा, दोन्ही टोकांना फ्यूज लावा (कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे), हुकजवळ जाड पिनांचा वेगळा कनेक्टर बसवा आणि चार्जर ट्रेलरमध्ये, घरगुती बॅटरीच्या शेजारी ठेवा. आधुनिक गाड्यांचा अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज पाडतो, म्हणून चार्जरची इग्निशन वायर जोडायला विसरू नका. गाडी बंद असताना तिची बॅटरी उपसली जाऊ नये हे तीच पाहते.

वायरची जाडी

तांब्याच्या वायरसाठी सूत्र: व्होल्टेजची घट = २ × एका बाजूची लांबी मीटरमध्ये × अँपिअर × ०.०१७५ ÷ जाडी स्क्वेअर मिमीमध्ये. दोनने गुणायचे, कारण करंट जातो तसा परतही येतो. चार्जिंगच्या आणि फ्रिजच्या वायरमध्ये घट ३ टक्क्यांच्या, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत हवी.

फ्रिज ६ मीटरवर, ५ अँपिअर, २.५ स्क्वेअर मिमी: ०.४२ व्होल्ट. नापास. ६ स्क्वेअर मिमी घेतली की ०.१८. ३० अँपिअरचा चार्जर ५ मीटरवर, १० स्क्वेअर मिमी: ०.५३, नापास, १६ घेतली की ०.३३. १२ व्होल्टच्या जगात वायर नेहमी वाटते त्यापेक्षा जाड लागते, आणि ‘जवळजवळ नवीन बॅटरी असून फ्रिज रात्री बंद पडतो’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा बॅटरीत नसून या सूत्रात असते. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट घेतो, बारीक वायरमध्ये व्होल्टेज खाली जाते, फ्रिजचा कंट्रोलर बॅटरी संपली समजून थांबतो. मल्टिमीटर बॅटरीवर नव्हे, फ्रिजच्या टर्मिनलवर लावून कॉम्प्रेसर सुरू होतानाचे व्होल्टेज पाहा.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. सलग करंटच्या सव्वापट आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी, या दोन आकड्यांमधला घ्या. लिथियमच्या मुख्य फ्यूजसाठी क्लास टी घ्यावा. शॉर्ट सर्किटमध्ये अशी बॅटरी हजारो अँपिअर सोडू शकते आणि साध्या पट्टीच्या फ्यूजमध्ये तो प्रवाह तोडण्याची ताकद नसू शकते.

जोडणीचा क्रम

१. बॅटरी ॲक्सलच्या जवळात जवळ, पट्ट्याने किंवा ब्रॅकेटने जखडून ठेवा. लेड-ॲसिड असेल तर तिच्या पेटीला बाहेर वारा हवा, चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

२. बॅटरीचा पॉझिटिव्ह → १५० अँपिअरचा मुख्य फ्यूज, बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत → मेन स्विच → पॉझिटिव्ह बसबार (अनेक वायर एकत्र जोडायची धातूची पट्टी). वायर ३५ स्क्वेअर मिमी, उष्णता सोसणाऱ्या आवरणाची, एक मीटरच्या आत. त्याहून लांब असेल तर ५०.

३. बॅटरीचा निगेटिव्ह → शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटरचा भाग) → निगेटिव्ह बसबार. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटशिवाय दुसरे काहीही नको. एक छोटी वायर जरी थेट बॅटरीवर राहिली तरी तो खर्च मीटरला दिसत नाही आणि आकडा रोज थोडा थोडा खोटा होत जातो.

४. बसबारवरून शाखा, प्रत्येकीला स्वतःचा फ्यूज: सोलर कंट्रोलर ४० अँपिअर, डीसी-डीसी चार्जर ४०, इन्व्हर्टर १२५, दिवे-पंप-फ्रिजच्या फ्यूज बॉक्सकडे ६०. ही शेवटची वायर १६ स्क्वेअर मिमी. निगेटिव्ह बसबारवरून एक जाड वायर चॅसिसला.

५. ट्रेलर हुकमधून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा काही ट्रेलरमध्ये याच बॅटरीवर असते. तिची वायर मेन स्विचच्या पलीकडे गेली आणि स्विच बंद करून गाडी निघाली, तर तो ब्रेक नाहीच समजा. ती नेहमी स्विचच्या अलीकडे, बॅटरीकडच्या बाजूला. बीएमएसही बॅटरी तोडू शकतो, हे लक्षात घेता या ब्रेकला छोटी स्वतंत्र बॅटरी देणे उत्तम.

६. लग (वायरच्या टोकाची कडी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा, हातोडीने नको. वर गोंदवाली हिट-श्रिंक नळी. बोल्ट टॉर्क पान्याने, उत्पादकाच्या आकड्यानुसार. सर्वांत जाड लग तळाशी, बारीक वर. लग आणि टर्मिनल यांच्या मध्ये वॉशर घालू नका, वॉशर नेहमी नटाखाली.

७. फ्यूज शेवटी बसवायचे. त्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक शाखेची पोलॅरिटी तपासा. इन्व्हर्टरची पहिली जोडणी करताना आतले कपॅसिटर एकदम भरतात आणि मोठी ठिणगी उडते. काही सेकंद २५ ते ५० ओहमचा १० वॉटचा रेझिस्टर मध्ये धरून मग जोडा.

८. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट: आधी पॅनेल. पॅनेलच्या वायरवर एक आयसोलेटर स्विच ठेवला की छपरावर चढून पांघरूण घालावे लागत नाही.

९. लिथियमसाठी कंट्रोलर आणि चार्जरचे सेटिंग: ॲबसॉर्प्शन (भरतानाचे व्होल्टेज) १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावरचे) १३.५, इक्वलायझेशन बंद, तापमानानुसार भरपाई बंद. बॅटरी उत्पादकाने वेगळे सांगितले असेल तर त्याचे ऐका. ट्रेलरमध्ये आधीपासून असलेला बाहेरच्या विजेवरचा जुना चार्जर १३.६ वर थांबत असेल तर लिथियम त्यावर नीट भरणार नाही, तो बदलावाच लागेल.

१०. आता अर्धा तास मोठा भार चालवा आणि प्रत्येक जोडावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. शेजारच्या जोडांपेक्षा गरम असलेला जोड म्हणजे सैल बोल्ट किंवा वाईट क्रिम्प. पाचशेएक किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. रस्त्याची थरथर टॉर्क पान्याचेही ऐकत नाही.

बॅटरी किती उरली हे लिथियममध्ये व्होल्टेजवरून कळत नाही. ४० टक्के असो की ९०, आकडा १३.१ ते १३.३ च्या आसपासच रेंगाळतो. म्हणून शंट लागतो. पण शंटही मोजून मोजून भरकटतो. पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी पूर्ण भरू द्या, म्हणजे तो १०० वर येऊन स्वतःला सुधारतो. मीटर ५५ टक्के दाखवत असताना दिवे गेले, तर बॅटरीला दोष देण्याआधी शेवटचे १०० कधी पाहिले ते आठवा.

जनरेटर

असलाच तर १००० ते २००० वॉटचा इन्व्हर्टर प्रकारचा पुरे. सकाळी, बॅटरी खाली असताना दीड-दोन तास चालवा, दुपारचे काम उन्हावर सोडा. ट्रेलरपासून निदान ६ मीटर दूर, धूर वाऱ्याच्या दिशेने बाहेर, खिडक्या बंद. छताखाली, तंबूच्या आडोशाला, पावसात ‘थोडा वेळ’ दाराशी: यांतले काहीही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उंचीवर त्याची ताकद दर ३०० मीटरला ३ टक्क्यांहून थोडी जास्त घटते.

पाणी

सवय लागेपर्यंत माणशी रोज १२ लिटर, लागल्यावर ८-९. पिण्या-शिजवण्याला ३, भांड्यांना २-३, बाकी अंगाला. ९ धरले तर दोघांचे १८, म्हणजे ९० लिटरची टाकी ५ दिवस. शॉवर ओले होणे, नळ बंद, साबण, नळ चालू असा घेतला तर ५-६ लिटरांत होतो. हँडलवर बंद करायचे बटण असलेला शॉवर बसवणे ही या लेखातली सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. भांडी आधी पुसून मग धुवा. तेलकट पाणी सांडपाण्याच्या टाकीत कुजते आणि वास थेट सिंकमधून वर येतो.

टाकी निर्जंतुक करायला सुगंध नसलेले साधे ५ टक्क्यांचे ब्लीच, दर लिटर पाण्याला १ मिलि: म्हणजे ९० लिटरला ९० मिलि. याने ५० पीपीएम क्लोरीन होते. प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर ठेवा, ओतून द्या आणि वास जाईपर्यंत दोनदा ताज्या पाण्याने धुवा. हे हंगामाच्या सुरुवातीला आणि टाकी महिनाभर साचून राहिली असेल तेव्हा.

पंपाआधी गाळणी हवीच. पंप बोलतो, त्याचे ऐकायला शिका. रात्री नळ बंद असताना मध्येच ‘टक’ करून क्षणभर चालला, तर कुठेतरी पाणी झिरपते आहे किंवा पंपाची झडप नीट बंद होत नाही. नळ उघडला की थुंकत पाणी येते आणि पंप थांबत नाही, तर टाकीकडच्या बाजूने हवा शिरते आहे. बहुधा गाळणीचे झाकण.

शौचालय

१८ लिटरची कॅसेट, म्हणजे शौचालयाखालची काढून ओतायची टाकी, दोघांना तीन दिवस. आणि हाच सगळ्या मुक्कामाचा गळा. वीज ऊन आहे तोवर, पाणी पाच दिवस, गॅस महिनाभर, आणि तिसऱ्या दिवशी टाकी ओतायला गाडी काढायची. एक जादा कॅसेट घेतली की हा गळा सहा दिवसांवर जातो, तीही एका बॅटरीच्या किमतीच्या अंशात. दुसरा मार्ग लघवी वेगळी करणारे कोरडे शौचालय. लघवी माणशी रोज दीड लिटर धरा, म्हणजे तिची बाटली दिवसाआड ओतावी लागते. घन भाग काथ्याच्या भुशात अनेक दिवस चालतो, कारण वास येतो तो दोन्ही एकत्र आल्यावर. छोटा पंखा लावला तर तो दिवसरात्र चालतो. २ वॉट म्हणजे ४८ वॉट-तास, हे यादीत घाला.

ट्रेलरला मैल्याची स्थिर टाकी असेल तर तिचा वॉल्व्ह ओतेपर्यंत बंदच ठेवा आणि रिकामी झाल्यावर लगेच काही लिटर पाणी आत घाला. वॉल्व्ह उघडा ठेवला तर पातळ वाहून जाते, घन तिथेच ढीग करून वाळते, आणि तो ढीग काढणे हे शब्दांत न सांगण्यासारखे काम आहे. सांडपाणी आणि मैला नेमलेल्या जागीच ओतायचा, ओढ्याकाठी नाही.

गॅस, ऊब आणि ओल

२ किलोवॉटची शेगडी रोज तासभर: सुमारे १६० ग्रॅम गॅस. ५ किलोचे सिलिंडर स्वयंपाकाला महिनाभर. थंडीत मात्र गॅस कोणता ते पाहा: ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. सिलिंडर भरलेले असून शेगडी सकाळी मंद जळते, त्याचे कारण बहुधा हे.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या पेटीला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र आणि डिटेक्टर जमिनीलगत. जोड साबणाच्या पाण्याने तपासा, काडीने कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या आणि झोपण्याच्या जागेजवळ लावा. ट्रेलरला कायमची उघडी ठेवलेली हवेची छिद्रे थंडीत बोळ्यांनी बुजवण्याचा मोह होतो. तो जीवावर बेततो.

१ किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते. शेगडी पेटवून खोली गरम करणारे म्हणूनच सकाळी ओल्या भिंतींना जागे होतात. माणसांच्या श्वासाची वाफ आणखी वेगळी. छपराचा पंखा मंद आणि समोरची खिडकी बोटभर उघडी, थंडीतही. गादीखाली हवा खेळायला फळ्यांची जाळी ठेवा, नाहीतर बुरशी तिथूनच सुरू होते.

बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा २ किलोवॉटचा डिझेल हीटर तासाला ०.१ ते ०.२५ लिटर डिझेल पितो आणि कोरडी ऊब देतो. चालताना १० ते ३० वॉट लागतात, पण सुरू होताना दोन-तीन मिनिटे ८-१० अँपिअर. वायर बारीक असेल तर तो सुरूच होत नाही आणि कमी व्होल्टेजचा कोड दाखवतो. चालता हीटर मेन स्विचने बंद करू नका; त्याला थंड व्हायला काही मिनिटे पंखा फिरवू द्यावा लागतो. सतत मंद आचेवर ठेवला तर आत काजळी धरते, म्हणून आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटे पूर्ण ताकदीने चालवा.

वजन

९० लिटर पाणी ९० किलो, बॅटरी २५, पॅनेल आणि फ्रेम २५ च्या वर, गॅस, डिझेल, दोन कॅसेट. एका ॲक्सलच्या ट्रेलरची उरलेली क्षमता यातच संपते. सगळे भरून वजनकाट्यावर न्या: एकूण वजन आणि हुकवरचे वजन, दोन्ही. ट्रेलर आणि गाडीच्या प्लेटवरचा आकडा अंतिम. जड सामान मागे गेले आणि हुक हलका झाला की वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर मुक्कामाच्या जवळ जाऊन भरा.

तालीम आणि साठवण

निघण्याआधी तीन दिवस ट्रेलर दारात उभा करून, बाहेरची केबल काढून, त्यातच राहा. रोज सकाळी एकाच वेळी शंटचा आकडा, पाण्याची पातळी, कॅसेटची पातळी आणि सिलिंडरचे वजन लिहा. कागदावरचा फ्रिज आणि खरा फ्रिज यांतला फरक इथे कळतो, आणि तो बराच असू शकतो.

हंगाम संपल्यावर लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवून मेन स्विच बंद करा. लेड-ॲसिड मात्र पूर्ण भरून. मेन स्विचला वळसा घालून जाणारे काही राहिले का ते क्लॅम्प मीटरने पाहा. गॅस डिटेक्टर थेट बॅटरीवर जोडलेला असतो, ०.१ अँपिअर घेतो, दिवसाला २.४ एएच. तीन महिन्यांत २१६ एएच होतात, आणि बॅटरी आहे २०० ची.